दीड झाकण

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय शर्मिला,

सप्रेम जय भीम.

मी इकडे बरा आहे. दादा आणि आई ठीक असतील असं धरून चालतो. परवा दादांचा फोन आला होता. आईच्या गुडघ्याबद्दल ते एक वाक्य बोलले आणि उरलेला वेळ इकडे भेंडी काय भावाने मिळते ते विचारत राहिले. म्हणजे ठीकच असणार. तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. दहा महिने आम्हा बापलेकांचं हे असंच चाललंय.

खिशात फोन असताना या माणसाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. त्याचं कारण आहे, पण ते पुढे सांगतो. आधी इकडच्या चार गोष्टी ऐक.

एप्रिलमध्ये जयंतीला आलो होतो तेव्हा जाताना मी घरातल्या पिशवीतून सरकीचे चार दाणे खिशात टाकले होते. तुला माहीत नसेल. इथे खिडकीच्या जाळीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले. तीन उगवलेच नाहीत. एक उगवलं आणि आता माझ्या खांद्याच्या वर गेलंय. इकडे जूनपासून पाऊस उघडायचं नाव घेत नाही. डब्यात खत म्हणून चहाचा चोथा तेवढा पडतो, तरी नुसती पानंच पानं. फुलाचं पातं एक धरत नाही. आमची घरमालकीण रखमा मावशी इथल्या जुन्या गावातली आहे, भातशेती केलेली बाई. भाडं घ्यायला आली की आधी झाडाकडे बघते.

"तुजं झार लय माजलंय रं," म्हणते. "पानी नको घालू."

"मावशी, मी कुठे घालतो, पाऊस घालतो."

"मंग आत घे त्याला. जरा तहान लागूंदे."

माझ्या खोलीत आकाश म्हणून एक जण असतो, तुर्भ्याला कंपनीत आहे. तो रोज विचारतो, "भाई, फूल येणार का नाय? नायतर डबा मला दे, मिरची लावतो." मी डबा दिलेला नाही. सकाळी चहा घेताना मी त्या झाडापाशी उभा राहतो. पानाला हात लावला की बोटांना तो कपाशीचा चिकट वास येतो आणि मग मी थोडा वेळ घरी असतो. नदीकडच्या तुकड्यात, तुझ्या मागच्या ओळीत. तू पुढे, पदर कमरेला खोचलेला, आणि मागे न बघता माझ्याशी बोलतेस. आठवण येते एवढंच लिहून भागत असतं तर मी एका ओळीचं पत्र लिहिलं असतं. फार येते, शर्मिला. खरंच फार येते.

आता कामाचं. महाप्याला आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही चाळीस जण कानाला यंत्र लावून बसतो. महाराष्ट्रातला कुठलाही शेतकरी फोन करतो आणि जो मोकळा असेल त्याच्याकडे तो जातो. काय बोलायचं ते छापून टेबलाला चिकटवलेलं आहे. आधी नमस्कार, मग स्वतःचं नाव, मग "काय मदत करू?" पुरुष असेल तर दादा आणि बाई असेल तर ताई. वय बघायचं नाही. यवतमाळच्या एका म्हातारीने मला सुनावलं होतं, "अरे ताई काय म्हणतो, तुझी आजी शोभेन मी." तरी आम्ही ताईच म्हणतो, कारण सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि आमचे श्यामसुंदर सर ते नंतर ऐकतात.

शेवटी शेतकऱ्याला विचारलं जातं, समाधान झालं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. ज्याने दोन दाबलं त्याचं समाधान का झालं नाही ते आम्हाला एका चौकटीत लिहावं लागतं आणि तीन दिवसांच्या आत त्याला परत फोन करावा लागतो. हा नियम आहे.

हे सगळं तुला का सांगतोय ते तुला कळलंच असेल.

गुरुवारी जेवणानंतरचा तिसरा कॉल होता. समोर नाव नव्हतं, नंबर अनोळखी, फक्त तालुका मंठा. तू नवीन सिम घेतल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. मी ठरलेलं वाक्य म्हटलं.  पलीकडून कुणीतरी "साहेब" म्हणालं आणि थांबलं.

तू विहारात वर्षावासाचं वाचन करतेस तेव्हा असंच करतेस. पहिला शब्द वाचतेस, सगळ्यांकडे एकदा बघतेस आणि मग पुढे जातेस. मी पाच वर्षं मागे भिंतीला टेकून ते ऐकलंय. तुझा आवाज ओळखायला मला दुसरा शब्द लागला नाही.

"कपाशीचं इचारायचं व्हतं."

"बोला, ताई."

स्वतःच्या बायकोला ताई म्हणणारा मी पहिलाच नवरा असेन. जीभ नेहमीच्या रस्त्याने गेली, आणि एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरायचं ते कळेना. तूही फिरली नाहीस. मला वाटलं तू हसशील. हसली असतीस तर मी तिथेच सगळं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण तू लागवडीची तारीख सांगितलीस.

"जूनच्या बावीसची हाय. झाड मांडीला लागतंय. पाऊस नाही एकोणीस दिस झाले. दुपारी पानं मान टाकतेत, सकाळी परत उठतेत."

"युरिया दिलाय का?"

"गोणी घरातच हाय. मी दिऊ दिली नाही. कोरड्यात टाकून झाड खाणार हाय का ते?"

"बरोबर केलंत, ताई."

"घरचे म्हणतेत पुढल्या आठवड्यात वाढ थांबायचं औषध मारू. दिस भरून वर गेले म्हणून. मारावं का?"

मी म्हणालो, "नाही ताई, ते दिवस मोजून मारायचं औषध नाही. माजलेल्याला आवरायचं असतं, तहानलेल्याला कशाला आवरता?"

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. नोकरीच्या मुलाखतीतही हेच म्हटलं होतं. पाण्याच्या ताणात वाढरोधक मारावं का, असं त्यांनी विचारलं आणि मी हे ऐकवलं. दोघे साहेब एकमेकांकडे बघून हसले आणि तिथेच माझी निवड झाली. गुरुवारी ते तोंडातून गेलं आणि मग मला कळलं की मी ते कुणाला ऐकवतोय.

तू विचारलंस, "हे तुमाला कुणी शिकवलं, साहेब?"

आणि मी म्हणालो, "अनुभवातून, ताई."

हे लिहिताना लाज वाटते. मागच्या वर्षी ऑगस्टच्या बारा तारखेला, बांधावर पंप पाठीला लावायच्या आधी, तू मला हे वाक्य म्हणाली होतीस. शब्दन् शब्द हाच. तू दिलेल्या वाक्यावर मी पगार घेतो आणि तूच विचारलंस तर सांगतो, अनुभव.

मग तू तो शेवटचा प्रश्न विचारलास. ज्यासाठी फोन केला होतास तो.

"मागल्या साली आमच्या इथं झाड बसलं. पाते सगळे गळून गेले. माप चुकलं म्हणतेत. माप चुकल्यानंच बसतं का, साहेब?"

आमच्या टेबलावर या प्रश्नालाही उत्तर चिकटवलेलं आहे. मी ते वाचलं. "ताई, त्याला अनेक कारणं असू शकतात. हवामान, जमीन, बियाणं." तू मग "बरं" म्हणालीस आणि दोन दाबलंस.

तू उठून गेल्यावर, म्हणजे फोन ठेवल्यावर, मी त्या नंबरचे आधीचे कॉल काढून बघितले. सोमवारपासून नऊ. त्यातले आठ तीन-तीन, चार-चार सेकंदांचे. "नमस्कार, मी स्नेहल बोलतेय" ऐकलं की बंद. दुसऱ्या कुणाचं नाव ऐकलं की बंद. नवव्या वेळी मी निघालो. स्नेहल माझ्या शेजारी बसते. ती म्हणाली, "ही बाई रोज लावते आणि कट करते. बॅलन्स जास्त झालंय वाटतं हिला." 

माझा स्वतःचा नंबर तुझ्याकडे आहे. त्यावर तू एकदाही फोन केला नाहीस. आधी मला याचं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की त्या नंबरवर नवरा भेटला असता, आणि नवरा काय उत्तर देतो ते तू एकदा बघितलेलं आहेस. तुला सल्लागाराला विचारायचं होतं. रेकॉर्डवर.

शुक्रवारी श्यामसुंदर सरांनी तो कॉल सगळ्यांसमोर लावला. दोन दाबलेले कॉल ते असेच लावतात. तुझा आवाज त्या भल्या मोठ्या खोलीत फिरला आणि मी मान खाली घालून ऐकला. सर म्हणाले, "ह्याने सगळं करेक्ट सांगितलंय. टोन चांगला आहे. मग बाईंनी दोन का दाबलं?"  मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही सर. म्हणजे एका आठवड्यात दुसऱ्यांदा खरं उत्तर टाळलं.

चौकट मात्र भरायची होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिच्यात लिहिलं, "सल्लागाराला उत्तर माहीत होतं. त्याने दिलं नाही." सोमवारी सर बोलावतील. बोलावू देत.

आता परत फोन करायचा नियम. आज तिसरा दिवस. मी फोन करणार नाही, कारण तो तू एकटी ऐकशील. माप चुकलं हे तुला एकटीला कुणी म्हटलेलं नाही. ते सगळ्यांमध्ये म्हटलं गेलं. म्हणून हे कागदावर आहे. कुणाच्याही हातात देता येईल असं.

तर शर्मिला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

माप चुकलं नव्हतं. पंपाला दीड झाकण टाकायचं होतं आणि तू दीडच टाकलंस. झाकणावरच्या रेषा दिसत नाहीत म्हणून तू अर्ध्यावर नखाच्या लाल रंगाची रेघ मारली होतीस. मी तुझी चेष्टा केली होती, औषधालाही नटवतेस का म्हणून. प्रत्येक पंपाला तू एक पूर्ण आणि एक रेघेपर्यंत असं ओतत होतीस आणि मी समोर उभा होतो. अकरा पंप झाले, अकराही बरोबर.

चुकली ती वेळ, आणि ती मी ठरवली होती. ट्रेनिंगहून आणलेल्या पत्रकात पंचेचाळिसावा दिवस लिहिला होता आणि मी अर्ध्या गावाला प्रात्यक्षिक बघायला बोलावून बसलो होतो. रानात ओल नव्हती. दहा दिवस आधी मीच कोरड्यात युरिया फेकला होता, तोही तसाच पडून होता. झाड आधीच जीव धरून होतं आणि त्याला मी वरून थांब म्हणालो. तू नको म्हणत होतीस. मी चारचौघांत म्हणालो, "डिप्लोमा कुणाचा आहे?" तू झाकण उघडलंस.

पुढचं तू बघितलंसच. पाती गळली, झाड वीतभरही पुढे सरकलं नाही. सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा तो पडून राहिलेला युरिया लागू झाला आणि नको त्या वेळी नुसता पाला सुटला. मग सगळे बांधावर जमले आणि दादांनी विचारलं, "माप कुणी घातलं होतं?"

मी म्हणालो, "शर्मिलाने."

खोटं बोललो नाही असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. प्रश्न मापाचा होता आणि माप तूच घातलं होतंस. एक शब्द बोललो आणि थांबलो. पुढचं सगळं त्यांनी त्यांचं समजून घेतलं, तीन झाकणं टाकली, चार टाकली, बाईमाणसाच्या हातात औषध दिलं की असंच. तू माझ्याकडे बघितलंस. मी गळलेलं पातं उचलून बघत होतो. त्या दिवसापासून दादांनी औषधाची पेटी स्वतःकडे घेतली आणि मिसळायला दुकानवाल्या रोहनला बोलवायला लागले. तुझ्या हाताने उभं राहिलेलं रान, आणि त्यात तुला पाण्यात औषध मिसळायची मनाई. एप्रिलमध्ये आलो तेव्हा तू मला चार दिवसांत "भाजी वाढू का" एवढंच विचारलंस. जास्त विचारायला तरी काय होतं.

अजून एक आहे. हे मला लिहायचं नव्हतं. आधी दोन कागद याच्या अलीकडेच थांबवून फाडले.

त्या संध्याकाळी तू गोठ्यात, विहिरीवर, उकिरड्यावर ते झाकण शोधत होतीस. रेघ दाखवली असतीस तर प्रश्न मिटला असता. आई म्हणाली, मिळेल गं, कुठे जातंय. मीही तुझ्याबरोबर शोधत होतो. कंदील धरून उभा होतो. शर्मिला, तेव्हा झाकण माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

फेकून द्यायला उचललं होतं, पण फेकता आलं नाही. इकडे येताना बरोबर आलं. दहा महिने माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली आहे. आकाशने एकदा विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, माप.

या पाकिटात ते पाठवतोय. रेघ अजून आहे, थोडी खरवडली आहे.

हे पत्र तू घरात वाच. दादा, आई समोर असताना, आणि रोहन आला असेल तर तोही बसू दे. विहारात वाचतेस तसंच, पहिल्या शब्दावर थांबून. मध्ये कुठेही मला सांभाळून घेऊ नकोस. दादा रागावतील. त्यांना रागवायला योग्य माणूस एक वर्षानंतर मिळतोय.

काल संध्याकाळी ऑफिसच्या पडद्यावर आपल्या मंडळाला पाऊस दाखवत होते. पडला असेल तर ताण तुटला. चिखल निथळून वाफसा येऊ दे, मग अर्धाच युरिया दे, मुळाशी, मातीआड. उरलेला नंतर. आता झाड एकदम वर धावेल, उपाशी माणूस ताटावर बसतो तसं. औषधाची वेळ त्यानंतर येईल, नाहीतर येणारही नाही. शेंड्याकडून चौथ्या आणि पाचव्या पेराच्या मधलं अंतर तुझ्या बोटांनी मोज. चार बोटांच्या वर गेलं तर माजायला लागलंय असं समज. पण हे मी तुला सांगायची गरज नाही. कधी मारायचं, मारायचं की नाही, हे या वेळी तू ठरव. दादांना सांग, माझा निरोप आहे: पेटी तिच्याकडे द्या.

मला घरी यायचंय. रोज यायचंय. सकाळी त्या डब्यातल्या झाडाला हात लावला की यायचंय. पण येऊ का असं मी विचारणार नाही. विचारलं की तुला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायची पाळी माझी होती. ती गुरुवारी चुकली, मागच्या वर्षी बांधावर चुकली, ती इथे पुरी केली.

वाचून झालं की मदत केंद्राला एकदा फोन लाव. स्नेहल निघाली तर कट करू नकोस, ती चांगली मुलगी आहे. काही बोलू नकोस, फक्त शेवटी एक दाब किंवा दोन दाब. तुझा नंबर आता मला पाठ आहे, मी रोज बघेन. दोन आलं तरी मी समजून घेईन. दोनवाल्यांकडे परत जायचा आमचा नियम आहे.

दादांना, आईला जय भीम.

माप तुझं बरोबर होतं.

वेळ ज्याची चुकली तो,
तुझा अभय